ज्ञानबाच्या हातचा बार

खंडेनवमीच्या सकाळी कुंडलिकनं देव्हाऱ्यावरची बंदूक खाली काढली, तेव्हा केराबाई पाट्यावर पुरण वाटत होती. तिचा हात जागीच थांबला. चुलीपाशी त्याची बायको, थोरली जाऊ कस्तुराबाई, फुंकणी घेऊन बसली होती. तिनं धुरातून एकदा धाकट्या जावेकडं पाहिलं आणि पुन्हा फुंकणी तोंडाला लावली. दोघींचं जे बोलायचं ते काल संध्याकाळीच बोलून झालं होतं.

काल संध्याकाळीच केराबाई आणि तिचा नवरा सिदू सोलापूरहून आले होते. गिरणीला दसऱ्याची सुट्टी होती. माळशिरसपर्यंत मोटार आणि तिथून वस्तीवर पायी. सहा वर्षांची सारजा अर्धी वाट बापाच्या खांद्यावर झोपलेली. आल्या आल्या केराबाई देवाच्या पाया पडायला गेली आणि तिला बंदुकीखाली, देवाच्या टाकांशेजारी, सासऱ्याची चंची ठेवलेली दिसली. तिला हळदकुंकू वाहिलेलं होतं. आधी तिला बरं वाटलं. मग काय दिसतंय ते ध्यानात आलं आणि तिनं थोरल्या जावेला गाठलं.

सासऱ्याला, ज्ञानबाला, ती बंदूक मिळाली होती ती लांडग्यांमुळं. मेंढरांचा वाडा राखायला सरकारनं परवाना दिला होता. जुनी ठासणीची बंदूक. नळीतून दारू आणि छर्रे घालायचे, गजानं ठासायचे, मग घोडा वर करून त्याच्याखालच्या बारीक खुंटीवर तांब्याची केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो आणि बार उडतो. केप नसेल तर ठासलेली बंदूकसुद्धा नुसती काठीच. म्हणून ज्ञानबाची बंदूक असायची देव्हाऱ्यावर, आणि केपा असायच्या त्याच्या चंचीत, पान-तंबाखूच्या मागच्या कप्प्यात. चंची कमरेला. अंघोळीला बसला तरी ती डोळ्यांसमोरच्या खुंटीला. घरातली माणसं त्यावरून त्याची थट्टा करायची, की म्हाताऱ्याचा जीव तंबाखूत आहे.

मग आधल्या सालच्या पौषात वाड्यात लांडगा शिरला. ज्ञानबानं बंदूक ठासली आणि थंडीत राखणीला बसला. लांडगा पुन्हा आला नाही, ताप मात्र आला, आणि त्या तापात म्हातारा गेला. बार नळीतच राहिला. कमरेची चंची सोडून कुणीतरी सासूच्या, अंबुबाईच्या, हातात दिली, तेव्हा गेलेल्या माणसाच्या वस्तू एके ठिकाणी असाव्यात म्हणून तिनं ती बंदुकीपाशी नेऊन ठेवली. ज्या दोन गोष्टी त्यानं जन्मभर एकमेकींपासून लांब ठेवल्या, त्या त्याच्याच बायकोनं हळदकुंकू वाहून शेजारी आणून ठेवल्या, आणि घरात कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

केराबाईला तरी ते लगेच दिसलं असतं का, कोण जाणे. पण सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या उन्हाळ्यात तिच्या चाळीच्या नाक्यावर सोल्जर बसलेले असायचे. पाण्याला जाता-येता ती पदराआडून बघायची. जेवायला बसायच्या आधी ते बंदुकीतली काडतुसं काढून खिशात घालायचे, आणि मग बंदूक भिंतीला टेकवायचे. दगडासारख्या चेहऱ्याची माणसं ती, पण भाकरतुकड्यापुरतीसुद्धा बंदूक भरलेली ठेवत नसत. हे तिच्या मनात राहून गेलं होतं.

आणि आज खंडेनवमी. या घरात कुऱ्हाड, कोयते, लोकर कातरायची कातर यांच्याबरोबर बंदुकीची पूजा होते. आरती संपता संपता घरधनी पाटावरच्या बंदुकीचा चाप ओढतो. खट् असा आवाज होतो. "बंदूक बोलली," असं म्हणत पोरं डोकं टेकवतात. देवाकडं नळीचं तोंड करायचं नाही अशी रीत, म्हणून ते कायम दाराकडं असतं. आणि पोरं बसतात ती दारातच, कारण देवापुढं दुसरी जागा नाही. गेल्या साली दुखवटा होता, त्यामुळं ना घट बसले, ना पूजा झाली. यंदा पहिल्यांदाच ज्ञानबाच्या जागी कुंडलिक चाप ओढणार होता, आणि नळीत बार होता.

थोरल्या दिराशी सरळ बोलायचं नाही, म्हणून केराबाईनं सकाळीच नवऱ्याला पुढं घातला होता. सिदू ओसरीवर भावाशेजारी जाऊन बसला. कुंडलिक तेलाच्या फडक्यानं नळी पुसत होता. सिदूनं आधी मेंढरांची विचारपूस केली, मग पावसाची, मग लोकरीच्या भावाची. आत केराबाईला वाटलं, आता हा दिवाळीपर्यंत मुद्द्यावर यायचा नाही. शेवटी तो म्हणाला, "दादा, पूजेआधी तेवढा बार काढून टाकू की. वड्याकडं जाऊन यिऊ दोघं."

कुंडलिकचा हात थांबला नाही. "बाच्या हातचा शेवटचा बार हाय त्यो," तो म्हणाला. "तू तेराव्याच्या पत्रावळी उचलायच्या आत गिरणीत गेलास. घर तुला मोकळं झालं. मला बाचं एवढंच ऱ्हायलंय."

सिदूचा चेहरा उतरला. पत्रावळींचं ते बोलणं खरं होतं. कुंडलिकनं मग पुढं समजूतही घातली, की केप लावल्याशिवाय उडतंय काय, आणि इतक्या दिवसांत आतली दारू सादळून माती झाली असंल. बार बापाचा म्हणून जपायचा, आणि दारूची माती झाली म्हणून भ्यायचं नाही, ही दोन्ही कारणं एका तोंडात कशी मावतात याचं केराबाईला नवल वाटलं. पण मन वाईट झालेल्या माणसाशी वाद घालून चालत नाही, एवढं तिला कळत होतं.

राहता राहिली सासू. अंबुबाई घटापुढच्या दिव्यात तेल घालत होती. केराबाईनं तिला सोल्जरांची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, बार नसेल काढायचा तर नका काढू, चंची तेवढी दुसरीकडं ठेवू.

अंबुबाईनं दिव्याची वात सारखी केली. "घट बसलं की देव्हाऱ्यातलं काय हलवत न्हाईत," ती म्हणाली. "आन सोल्जराची बंदूक माणसं मारायची असती. आपली लांडग्याची हाय. घरच्या लेकराला ती काय करंल?"

केराबाईनं कस्तुराबाईकडं पाहिलं. कस्तुराबाईचा येडू आठ वर्षांचा, घरातला एकुलता एक नातू, तोच दारात सगळ्यांत पुढं बसणार होता. पण कस्तुराबाईनं कणकेची परात ओढली आणि मान खाली घातली. उन्हाळ्यात तिनं एकदा नवऱ्याजवळ बार उडवून टाकायचा विषय काढला होता, आणि त्यावरून बरंच ऐकून घेतलं होतं. ते तिनं काल सांगितलं होतं, आणि पुन्हा ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती.

तेव्हा केराबाईनं आपल्यापुरता निर्णय घेतला. सारजाला आरतीच्या वेळी दारात बसू द्यायचं नाही, काही निमित्त काढून परसात ठेवायचं. निर्णय झाल्यावर तिला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ लाजही वाटली. आपलं पोर तेवढं बाजूला काढायचं आणि जावेचं तिथंच बसू द्यायचं, हे काही चांगलं नव्हतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं. तिनं पुरण वाटायला घेतलं.

कुंडलिकचं तेलपाणी झालं. घोड्याच्या सांध्यात तेल मुरावं म्हणून त्यानं घोडा पुरता वर चढवून ठेवला, बंदूक देव्हाऱ्यापुढच्या पाटावर नळी दाराकडं करून मांडली, आणि तो विहिरीवर अंघोळीला गेला. सिदू शेळ्यांना पाणी दाखवायला गेला. पोरं झेंडूची फुलं तोडून आणत होती आणि अंबुबाई त्यांना देवापुढं ठेवायला सांगत होती. घर कामात होतं.

पुढं आरतीची तयारी झाली. केराबाईनं सारजाला हाक मारली, तर ती आधीच परसात भातुकली मांडून बसली असल्याचं कळलं. निमित्त शोधायचा त्रास वाचला. सैपाकघरात जळण संपलं होतं, म्हणून केराबाई पाटी घेऊन परसातल्या हुडव्याकडं, शेणी रचून वरून लिंपलेल्या ढिगाकडं, निघाली. आत घंटा वाजायला लागली होती.

हुडव्याच्या सावलीत सारजानं तीन खड्यांची चूल केली होती. खापरीचा तवा, करवंटीचं पातेलं, पानांच्या ताटल्या. आणि एका ओळीत मांडलेली इवलीशी तांब्याची भांडी, करंगळीच्या नखाएवढी, उन्हात चमकणारी. प्रत्येकात पाण्याचा एकेक थेंब.

केराबाई खाली बसली. आवाज चढू न देता तिनं विचारलं, "ही कुठनं आणलीस गं?"

"आज्याच्या चंचीतनं. फुलं ठिवाय गेले तवा." सारजानं आईचा चेहरा पाहिला आणि घाईनं पुढं म्हणाली, "आज्जी म्हणली, आज्याचं समदं आपलंच हाय."

"समदी हितंच हायत?"

"एक बंदुकीला दिलं की. समद्या देवास्नी पाणी हाय, तिलाच न्हाय. आज्जी तांब्यावर फुलपात्र पालथं घालती का न्हाय, तसं तिच्या खुंटीवर घातलं. बराबर बसलं."

पाटी तिथंच राहिली. परसातून देव्हाऱ्याच्या खोलीत जायचं तर सैपाकघर ओलांडावं लागायचं, आणि मध्ये कस्तुराबाई नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. केराबाई तिला धक्का देऊनच पुढं गेली. ताट कलंडलं. आतली आरती शेवटाला आली होती. सिदू झांजा वाजवत होता, अंबुबाई डोळे मिटून टाळ्या वाजवत होती, कुंडलिकनं घंटा खाली ठेवली होती आणि तो फुलांनी भरलेल्या पाटापाशी वाकला होता. दारात येडू हात जोडून बसला होता. यंदा आपला बाप बंदूक बोलती करणार म्हणून त्यानं मान पुढं काढली होती. त्याचं कपाळ नळीच्या तोंडापासून हातभरसुद्धा लांब नव्हतं.

ओरडून उपयोग नव्हता. झांजांमध्ये ऐकू गेलं नसतं, आणि गेलं असतं तरी सुनेच्या ओरडण्यावर कुंडलिक थांबला असता असंही नाही. केराबाई पाटापाशी गेली, गुडघ्यांवर आदळली, आणि तिनं डावा अंगठा वर चढलेल्या घोड्याखाली घातला. त्याच वेळी कुंडलिकनं चाप ओढला.

खट् असा आवाज झाला नाही. घोडा अंगठ्यावर बसला आणि अंगठा तिथंच अडकला. सिदूच्या झांजा थांबल्या. घरच्या सुनेनं पूजेतल्या हत्याराला हात लावला, थोरल्या दिराच्या अंगाला अंग घासून ती पाटापाशी आली, डोक्यावर पदर नाही, हे सगळं एकदम सगळ्यांना दिसलं. कुंडलिकच्या कपाळाची शीर उठली. तो सिदूकडं बघून काही बोलणार, इतक्यात केराबाईच आधी बोलली. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच सरळ बोलत होती.

"घोडा हळू वर करा," ती म्हणाली. "चापाला हात लावू नका. माझ्या बोटाखाली केप हाय."

कुंडलिकनं दोन्ही अंगठ्यांनी घोडा वर ओढला आणि धरून ठेवला. केराबाईनं बोट काढलं. रक्तानं भिजलेल्या खुंटीवर तांब्याची केप नीट बसलेली होती. त्यानं ती नखानं उचलली आणि तळहातावर ठेवली. कस्तुराबाई आत आली, तिनं येडूला काखेत धरून उठवला आणि आपल्यामागं घेतला. येडूला काहीच कळलं नव्हतं. बंदूक का बोलली नाही, एवढंच तो विचारत होता.

अंबुबाईनं हळदीची वाटी पुढं ओढली आणि सुनेचा हात मांडीवर घेतला. चिमटीनं ती जखमेवर हळद सोडू लागली. केराबाईला कळ मस्तकात जात होती. तिनं थोडक्यात सांगितलं, पोरीनं काय केलं ते, आणि पोरीला कुणी काही म्हणू नका, असंही सांगितलं.

मग कुंडलिक बोलला, पण कुणाकडं बघून नव्हे. "दारू सादळलेली हाय. काय झालं नसतं."

"मग उडवून दावा," कस्तुराबाई म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण नवऱ्याला चार माणसांत असं बोललेलं तिला कुणी पाहिलं नव्हतं. कुंडलिकनं आईकडं पाहिलं. आता आई आपली बाजू घेईल, बापाच्या हातचा बार आहे म्हणेल, असं त्याला वाटलं असावं. अंबुबाई सुनेच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळत होती.

"घट बसायच्या आदल्या दिशी ते वड्याकडं जायचे," ती म्हणाली. "दर साली. लांबनं बार ऐकू यायचा. मला वाटायचं, लांडग्याला भ्या दावत्यात." तिनं चिंधीची गाठ मारली. "बंदूक रिकामी करून आणायचे ते. मी कवा इचारलं न्हाय, त्येनी कवा सांगितलं न्हाय." मग ती लेकाकडं वळली. "जा. उडीव त्यो बार."

हे ऐकून कुंडलिक एकदम थकल्यासारखा झाला. बापाची खूण म्हणून त्यानं पावणेदोन वर्षं जे जपलं होतं, ते बाप दर साली ओढ्यावर जाऊन टाकून देत होता. पण दारूची माती झालीय हा हट्ट तो गडी सोडणारा नव्हता. तो उठला, बंदूक आणि केप घेऊन परसात गेला. बाकीची त्याच्यामागं गेली. सिदूनं सारजाला उचलून घेतलं, कस्तुराबाईनं येडूचा दंड सोडला नाही, आणि सगळ्यांना कुंडलिकच्या पाठीमागं लांब उभं राहायला सांगण्यात आलं. कुंडलिकनं केप बसवली आणि नळी हुडव्याकडं धरली. त्याच्या चेहऱ्यावर असं होतं, की आता नुसतं फुस्स होईल आणि या बायकांची तोंडं बंद होतील. केराबाईलाही मनातून तसंच व्हावं असं वाटत होतं. म्हणजे जे टळलं ते काहीच नव्हतं असं ठरलं असतं, आणि सण सुखाचा झाला असता.

बार उडाला. आवाजानं वाड्यातली मेंढरं एका बाजूला लोटली. धूर बाजूला सरेपर्यंत शेणींचे तुकडे पडतच होते.

येडू आईच्या हातातून निसटला. आनंदानं ओरडत तो हुडव्याकडं धावला आणि लिंपण फुटून पडलेल्या भोकात त्यानं हात घातला. हात आत गेला, कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत गेला. गाल हुडव्याला टेकवून तो बापाकडं बघून हसला. "बा, बघा की. समदा हात गेला."

कुंडलिक खाली बसला. बंदूक त्याच्या हातातून मातीत पडली. या घरात ती बंदूक जमिनीला कधी लागली नव्हती, आणि ती उचलायला कुणी पुढं झालं नाही. त्यानं हातानं येडूला जवळ ये अशी खूण केली, आणि येडू आला तेव्हा त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून त्यानं कपाळावरून अंगठा फिरवला, जणू काही तिथं लागलं आहे. केराबाईनं तोंड फिरवलं. तिला त्या वेळी त्याचा राग येत नव्हता, कीव येत होती.

भातुकलीतल्या केपा सिदूनं वेचल्या, पाणी झटकून फडक्यावर वाळत टाकल्या. घट बसलेले असताना अंबुबाईनं स्वतः देव्हाऱ्यातली चंची उचलली. केपा मागच्या कप्प्यात घातल्या आणि चंचीची नाडी कमरेला गुंडाळली. गाठ मारायला तिनं केराबाईला बोलावलं. केराबाईचा अंगठा चालत नव्हता, तेव्हा एका टोकाला तिनं धरलं आणि दुसऱ्या टोकानं कस्तुराबाईनं गाठ मारली.

"लांडगा आला तर मला उठवायचं," अंबुबाई लेकाला म्हणाली. "केप मी दीन."

कुंडलिकनं मान हलवली. त्यानं बंदूक पुसली, आत आणली आणि पाटावर ठेवली. नळीचं तोंड त्यानं देवाकडं केलं नाही, दाराकडंही केलं नाही. कोपऱ्यातल्या नुसत्या भिंतीकडं केलं. पोरं पुन्हा दारात येऊन बसली. या खेपेला सारजाही बसली, आणि केराबाईनं तिला अडवलं नाही.

"बा," येडू म्हणाला, "आता बंदूक बोलणार न्हाय व्हय?"

"मगाशी बोलली की," कुंडलिक म्हणाला. "पुरं झालं तेवढं."

मग त्यानं घंटा उचलून सिदूच्या हातात दिली, आणि राहिलेली आरती पुढं सुरू झाली.